बुडत्याचा पाय खोलात : क्वार्टरबॅक आधी की रनिंग बॅक?



मागच्या व्याख्यानात आपण न्याय्य वाटपाबद्दल बोललो होतो. समाजातली विषमता समर्थनीय ठरायची असेल, तर ती सर्वांत तळाशी असलेल्याच्या हिताची असली पाहिजे, हा जॉन रॉल्स या अमेरिकन तत्त्वज्ञाचा विचार मी तेव्हा मांडला होता. व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्याने विचारलं, “सर, हे पुस्तकात ठीक आहे. पण ज्याच्याकडे सर्वांत कमी आहे त्याला सर्वांत आधी द्यायचं, असं जगात कुठे खरोखर होतं का?” मी म्हटलं, होतं की. अमेरिकेत, दर एप्रिलमध्ये, फुटबॉलच्या धंद्यात. सगळे हसले. पण मी थट्टा करत नव्हतो. म्हणून आज तोच विषय घेतला आहे.

आधी थोडी तोंडओळख. हा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन पुढे सरकायचं. चार प्रयत्नांत दहा यार्ड गेलात तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर चेंडू दुसऱ्याकडे. पुढे सरकायचे मार्ग मुख्यतः दोन. एक, चेंडू हवेतून फेकायचा. ते काम क्वार्टरबॅकचं. दोन, चेंडू पोटाशी धरून गर्दीत घुसायचं. ते काम रनिंग बॅकचं. आणि या दोघांच्या पुढे पाच धिप्पाड गडी उभे असतात, लाइनमन. त्यांची नावं कुणाच्या लक्षात राहत नाहीत. आज जरा लक्षात ठेवा, शेवटी त्यांची गरज पडणार आहे.

आपल्या आयपीएलमध्ये लिलाव होतो, पैसे असतील तो बोली लावतो. तिकडे लिलाव नाही. कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची निवड होते, तिला ड्राफ्ट म्हणतात. गेल्या हंगामात जो संघ तळाला, त्याची निवड पहिली, विजेत्याची शेवटची. म्हणजे बुडणाऱ्या संघाच्या हातात दरवर्षी एक मोठी संधी येते, आणि तिच्याबरोबर एक जुना वाद येतो : आधी क्वार्टरबॅक घ्यावा की रनिंग बॅक?

हा वाद लोक असा घालतात, जणू तो सनातन आहे. तो तसा नाही. प्रश्नाचे शब्द तेच राहतात आणि खालची जमीन सरकते, हे इतिहासात नेहमी होतं. म्हणून सुरुवातीपासून जाऊ.

ड्राफ्टची कल्पना बर्ट बेल यांची. ते फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक. संघ कंगाल आणि हरणारा. चांगले खेळाडू पैसेवाल्या, जिंकणाऱ्या संघांकडे जात. १९३५ मध्ये बेल यांनी इतर मालकांपुढे प्रस्ताव मांडला, की दुबळ्याला आधी निवडू द्या, नाही तर दुबळे मरतील आणि मग तुम्ही खेळणार कुणाशी? श्रीमंतांनीही ते मान्य केलं. पहिला ड्राफ्ट ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियातच झाला, आणि पहिली निवड तळाला असलेल्या बेल यांच्याच संघाची. त्यांनी जे बर्वँगर या शिकागो विद्यापीठाच्या गाजलेल्या खेळाडूला निवडलं. आणि बर्वँगर व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलाच नाही! पैशांचं जमलं नाही, तो दुसऱ्या कामधंद्याला लागला. त्या वर्षी ईगल्सने बारापैकी एक सामना जिंकला. म्हणजे तळाच्या माणसाला दिलेला पहिला घास असा वाया गेला.

आता बर्वँगर कोण होता, क्वार्टरबॅक की रनिंग बॅक? हाफबॅक होता. त्या काळच्या रचनेत धावणारा तोच आणि फेकणाराही बहुधा तोच. क्वार्टरबॅक नावाचा गडी प्रामुख्याने वाट मोकळी करून देणारा. म्हणजे १९३६ मध्ये आपला आजचा प्रश्न कुणाला कळलाच नसता. तो जन्माला आला चाळीसच्या दशकात. १९४० च्या अंतिम सामन्यात शिकागो बेअर्सने नव्या ‘टी’ रचनेत वॉशिंग्टनला ७३-० असं चिरडलं. त्या रचनेत प्रत्येक चालीचा चेंडू आधी क्वार्टरबॅकच्या हातात येतो. सगळ्यांनी ती उचलली. एका माणसाची दोन माणसं झाली आणि निवडीचा पेच तयार झाला.

या पेचाचा जवळजवळ प्रयोगशाळेतला नमुना म्हणावा अशी एक गोष्ट आहे, ती जरा सविस्तर सांगतो.

१९७६ मध्ये फ्लोरिडात टँपा बे बकनियर्स हा नवा संघ आला. पहिल्या हंगामात १४ सामने, १४ पराभव. दुसऱ्या हंगामात आणखी १२. ओळीने २६ हार! या काळात त्यांच्याकडे पहिल्या क्रमांकाची निवड दोनदा आली. १९७६ मध्ये त्यांनी ली रॉय सेल्मन हा बचावातला खेळाडू घेतला. १९७७ मध्ये घेतला रिकी बेल, रनिंग बॅक. प्रशिक्षक जॉन मॅके यांच्याच हाताखाली तो कॉलेजात खेळलेला, त्यामुळे त्यांचा भरवसा होता. त्याच ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर डॅलस काउबॉइजने अदलाबदल करून टोनी डॉर्सेट हा दुसरा रनिंग बॅक घेतला. पुढे काय झालं बघा. डॉर्सेटचा संघ त्याच हंगामाअखेर सुपर बोल जिंकला. बेलला वर्षभरात पाचशे यार्डही मिळाले नाहीत, आणि लोकांनी ठरवलं की मॅकेंची निवड चुकली.

१९७८ मध्ये पुन्हा पहिली निवड टँपाकडे. समोर होता अर्ल कॅम्पबेल, त्या वर्षीचा सर्वोत्तम रनिंग बॅक. या वेळी टँपाने ती निवड ह्यूस्टन ऑइलर्सला देऊन टाकली, मोबदल्यात एक खेळाडू आणि पुढच्या काही निवडी घेतल्या, आणि सतराव्या क्रमांकावर डग विल्यम्स हा क्वार्टरबॅक उचलला. ग्रँबलिंग या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठातून आलेला कृष्णवर्णीय तरुण. कृष्णवर्णीयाला ही जागा झेपत नाही, असं उघडपणे मानलं जाण्याचा तो काळ.

१९७९ मध्ये, म्हणजे २६ पराभवांच्या मालिकेनंतर दोनच वर्षांत, टँपा सुपर बोलपासून एका सामन्याच्या अंतरावर पोचलं. लीगमधला सर्वांत कडक बचाव सेल्मनच्या संघाचा, हवेतून मारा करणारा विल्यम्स, आणि त्या वर्षी १,२६३ यार्ड धावलेला, होय, तोच रिकी बेल. गडी तोच, पाय तेच. फरक काय पडला? आता समोरच्या बचावाला फक्त त्याच्यावर डोळा ठेवून चालत नव्हतं.

कॅम्पबेलचं काय झालं? तोही अपयशी ठरला नाही. पहिली तीन वर्षं सलग तो लीगमध्ये सर्वांत जास्त धावला. ह्यूस्टन दोनदा सुपर बोलच्या उंबऱ्यापर्यंत गेलं आणि दोन्ही वेळा पिट्सबर्गकडून हरलं. संघाची सगळी मदार त्या एका देहावर. एकतिसाव्या वर्षी तो निवृत्त झाला. पुढच्या आयुष्यात चालणंही कठीण झालं, व्हीलचेअर लागली. हा हिशेब आपण सहसा यार्डांमध्ये धरत नाही. पण आपल्या प्रश्नात तो आहे, आणि त्याकडे मी परत येणार आहे.

योगायोगाने त्याच १९७८ मध्ये नियम बदलले. चेंडू झेलायला धावणाऱ्याला पाच यार्डांपुढे बचावाने धक्के द्यायचे नाहीत. लाइनमनना हात पसरून, तळवे उघडे ठेवून अडवायची मुभा. दोन्ही बदल फेकणाऱ्याच्या सोयीचे. तिथून फेकीचं पारडं जड होत गेलं. म्हणजे १९७७ च्या आधी रनिंग बॅक आधी घेणाऱ्याला मूर्ख म्हणू नका, खेळच तसा होता. पण नंतरही अनेक संघ जुन्याच हिशेबाने निवडत राहिले. नियम एका रात्रीत बदलतो, सवयीला पिढी लागते.

१९८९ चा ड्राफ्ट घ्या. पहिल्या क्रमांकावर डॅलसने ट्रॉय एकमन हा क्वार्टरबॅक घेतला, तिसऱ्यावर डेट्रॉइट लायन्सने बॅरी सँडर्स हा रनिंग बॅक. डॅलसने त्या वर्षी १६ पैकी एकच सामना जिंकला, तर सँडर्स पहिल्या दिवसापासून तळपला. तेव्हा मत विचारलं असतं तर सगळ्यांनी डेट्रॉइटला शहाणं म्हटलं असतं. पण डॅलसने त्याच हंगामात आपला नामांकित रनिंग बॅक हर्शेल वॉकर मिनेसोटाला दिला, पाच खेळाडू आणि भावी निवडींचा भला मोठा गठ्ठा घेतला, त्यातून संघ उभारला, आणि १९९० मध्ये सतराव्या क्रमांकावर एमिट स्मिथ हा रनिंग बॅक आणला. चार हंगामांत तीन सुपर बोल. सँडर्सने दहा वर्षांत १५,२६९ यार्ड काढले, आणि एवढ्या काळात त्याच्या संघाने बाद फेरीतला एकच सामना जिंकला. १९९९ मध्ये, अजून पाय शाबूत असताना, तो खेळ सोडून निघून गेला. सतत हरण्याचा कंटाळा हे त्यामागचं एक कारण, असं त्याने नंतर सांगितलं.

इथे तुम्ही म्हणाल, मग उत्तर सरळ आहे, क्वार्टरबॅक आधी. थांबा. अजून पैसा यायचा आहे.

१९९४ पासून प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर कमाल मर्यादा आहे. आणि २०११ च्या करारात नवोदितांचे पगार निवडीच्या क्रमांकाप्रमाणे बांधले गेले. २०१० चा पहिला खेळाडू, सॅम ब्रॅडफर्ड, याचा करार सहा वर्षांचा, ७ कोटी ८० लाख डॉलरचा होता. पुढच्याच वर्षीचा पहिला, कॅम न्यूटन, याचा चार वर्षांचा, सुमारे २ कोटी २० लाखांचा. दोघेही क्वार्टरबॅक. आता लक्षात घ्या, दुसऱ्या क्रमांकाचा पगार म्हणजे दुसऱ्या क्रमांकाचाच पगार, खेळाडू कुठल्याही जागेचा असो. बाजारात क्वार्टरबॅकचा भाव प्रचंड, रनिंग बॅकचा त्यामानाने थोडा. म्हणून चांगला तरुण क्वार्टरबॅक मिळाला तर संघाची काही वर्षं मोठी बचत होते; रनिंग बॅक उत्तम निघाला तरी बचत बेताची. शिवाय रनिंग बॅकची भराची वर्षं पहिल्या करारातच संपत येतात. हाणामारी खाऊन खाऊन देह झिजतो, आणि मोठा पगार मागायची वेळ येते तेव्हा व्यवस्थापन म्हणतं, आता तू जुना झालास.

आणि रनिंग बॅक उशिराही मिळतो. याचा सर्वांत बोलका दाखला आपल्या डग विल्यम्सच्याच गोष्टीत आहे. टँपाने त्याला हवा तो पगार दिला नाही. तो १९८३ मध्ये सोडून गेला. टँपा त्या वर्षी १६ पैकी दोन सामने जिंकलं, आणि तिथून पुढे ओळीने १४ हंगाम जिंकण्यापेक्षा हरण्याचंच पारडं जड राहिलं. विल्यम्स फिरत फिरत वॉशिंग्टनला पोचला आणि जानेवारी १९८८ च्या सुपर बोलमध्ये त्याने डेन्व्हरला ४२-१० असं हरवलं. तो सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. सुपर बोलमध्ये सुरुवातीपासून खेळलेला तो पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक. आणि त्याच सामन्यात टिमी स्मिथ नावाचा, पाचव्या फेरीत निवडलेला, फारसा कुणाला माहीत नसलेला रनिंग बॅक २०४ यार्ड धावला. सुपर बोलमधला विक्रम! पुढे तो जवळजवळ विस्मृतीत गेला. ते यार्ड त्याच्या एकट्याचे नव्हते. वॉशिंग्टनचे लाइनमन आठवा, मी सुरुवातीला म्हटलं होतं.

अर्थशास्त्रज्ञांनी हे आकड्यांत मांडलं आहे. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोघांनी ड्राफ्टचा अभ्यास केला; थेलर यांना पुढे २०१७ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. निबंधाचं नाव ‘द लूजर्स कर्स’. आपल्या भाषेत त्याला बुडत्याचा पाय खोलात म्हणू. त्यांचं म्हणणं असं, की पहिल्या काही निवडींना संघ अवाच्या सवा किंमत देतात. एखाद्या जागेसाठी आधी निवडलेला खेळाडू त्याच जागेच्या पुढच्या खेळाडूपेक्षा सरस निघण्याची शक्यता निम्म्याहून जरासंच जास्त असते. म्हणजे जवळजवळ नाणेफेक. त्यांच्या मते शहाणा संघ वरची निवड विकतो आणि खालच्या अनेक निवडी घेतो. टँपाने १९७८ मध्ये नेमकं हेच केलं होतं, कुठलाही निबंध न वाचता.

आता क्वार्टरबॅकची दुसरी बाजू. ह्यूस्टन टेक्सन्स हा नवा संघ २००२ मध्ये आला. पहिली निवड डेव्हिड कार, क्वार्टरबॅक. पुढचे लाइनमन कच्चे. चेंडू फेकायच्या आधीच क्वार्टरबॅकला आडवं पाडणं याला सॅक म्हणतात. कारला पहिल्याच हंगामात ७६ वेळा आडवं पाडलं, हा उच्चांक आहे. तो कधीच सावरला नाही. मग निवड चुकली की ज्या घरात त्याला आणलं ते घर चुकलं?

२०१८ चा ड्राफ्ट हा प्रश्न आणखी स्पष्ट करतो. पहिल्या फेरीत पाच क्वार्टरबॅक गेले. पहिला बेकर मेफील्ड, आदल्या वर्षी सगळे १६ सामने हरलेल्या क्लीव्हलँडकडे. तिसरा सॅम डार्नॉल्ड, धडपडणाऱ्या न्यूयॉर्क जेट्सकडे. सातवा जॉश ॲलन बफेलोकडे, दहावा जॉश रोझन ॲरिझोनाकडे, बत्तिसावा लामार जॅक्सन बाल्टिमोरकडे. ज्या संघांनी निवडलं त्यांच्याकडेच भरभराटीला आले ते ॲलन आणि जॅक्सन. दोघांनीही लीगचा सर्वोत्तम खेळाडू हा मान मिळवला. बफेलो आणि बाल्टिमोर आदल्या वर्षी बुडत नव्हते, दोघांनी हरण्यापेक्षा जास्त सामने जिंकले होते. रोझनला ॲरिझोनाने एका वर्षात काढलं. मेफील्ड आणि डार्नॉल्ड यांना पहिल्या संघाने सोडलं, आणि काही वर्षांनी दुसरीकडे, जरा नीट घडी बसलेल्या संघांत, दोघेही चांगले खेळले.

आणि त्याच ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर न्यूयॉर्क जायंट्सने, आदल्या वर्षी १६ पैकी १३ सामने हरलेल्या संघाने, सॅक्वॉन बार्कली हा रनिंग बॅक घेतला. त्यांचा क्वार्टरबॅक इलाय मॅनिंग तेव्हा ३७ वर्षांचा. त्याला आधार म्हणून हा तरुण. बार्कलीने पहिल्या वर्षी धावून आणि झेलून मिळून दोन हजारांवर यार्ड काढले. संघ जिंकला किती? पाच. पुढच्या वर्षी चार. मग बार्कलीचा गुडघा गेला, मग पगारावरून ओढाताण झाली, आणि २०२४ मध्ये तो ईगल्सकडे गेला. बर्ट बेल यांचाच तो संघ, पण आता भक्कम लाइनमन आणि तयार क्वार्टरबॅक असलेला. तिथे पहिल्याच हंगामात २,००५ यार्ड, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सुपर बोल. रिकी बेलची १९७९ ची गोष्टच पुन्हा घडली, फक्त या वेळी गडी घर बदलून गेला.

तेव्हा माझं उत्तर. दोघांतच निवडायचं असेल, तर १९७८ नंतरच्या खेळात आणि २०११ नंतरच्या हिशेबात बुडत्या संघाने रनिंग बॅक आधी घेऊ नये. क्वार्टरबॅक घ्यावा, पण त्याच्यापुढे उभे राहणारे पाच जण आणि त्याला शिकवायला लागणारा धीर घरात असेल तरच. नसेल तर निवड विकावी आणि आधी घर बांधावं. आपण गुण माणसात आहे असं धरून चालतो, आणि तो बराचसा नात्यात असतो : कोण कुणाच्या पुढे उभा आहे, कोण कुणासाठी वाट मोकळी करतो.

पण एवढ्यावर थांबलो तर मी तत्त्वज्ञानाचा मास्तर कसला? सुरुवातीला आपण म्हटलं, ड्राफ्ट म्हणजे तळाच्याला आधी देणं. दिलं कुणाला? संघाला, म्हणजे मालकाला. आणि जे वाटलं गेलं ते होतं एकवीस-बावीस वर्षांचं पोर. मालकांमधला दुबळा मालक हा खरोखर तळाचा आहे का? त्या खोलीत सर्वांत कमी हक्क आहे तो ज्याचं नाव पुकारलं जातं त्याला. कुठे जायचं हे तो ठरवत नाही. रॉल्सचा नियम लावायचाच तर त्या पोरापासून लावायला हवा.

हे ओळखणारं एक घराणं होतं. आर्ची मॅनिंग हा क्वार्टरबॅक १९७१ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर न्यू ऑर्लिन्सकडे गेला. त्या दुबळ्या संघात वर्षानुवर्षं मार खाल्ला. एकाही हंगामात विजय पराभवांपेक्षा जास्त झाले नाहीत. २००४ मध्ये सॅन डिएगो त्याच्या मुलाला, इलायला, पहिल्या क्रमांकावर घेणार असं दिसलं, तेव्हा मॅनिंग कुटुंबाने आधीच कळवलं की आम्ही तिथे खेळणार नाही. तरी त्यांनी निवडलं, आणि लगेच जायंट्सशी अदलाबदल करावी लागली. लोकांनी त्या कुटुंबाला उर्मट म्हटलं. इलाय पुढे दोन सुपर बोल जिंकला. मला त्यात उर्मटपणा दिसत नाही. बापाच्या पाठीवरचे वळ मुलाने पाहिले होते, एवढंच.

आणि गंमत, खरं तर गंमत नाही, अशी की त्याच इलायच्या उतारवयाला टेकू म्हणून पुढे बार्कलीची सहा वर्षं खर्ची पडली. कॅम्पबेलचे गुडघे, सँडर्सची दहा वर्षं, कारची ती ७६ वेळची आदळआपट, यातलं काहीच परत येत नाही. संघाची निवड चुकली तर त्याला पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा संधी मिळते, उलट हरल्यामुळे जरा आधीच मिळते. खेळाडूला दुसरी बावीशी मिळत नाही. म्हणून बुडत्या संघाने ‘कुणाला घेऊ’ हे विचारण्याआधी ‘ज्याला घेऊ त्याला आम्ही काय देऊ शकतो’ हे विचारलं पाहिजे. मी पाहिलेल्या उदाहरणांत, ज्यांनी हे आधी विचारलं त्यांचीच निवड बहुधा बरोबर निघाली.

इथे थांबतो. कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. आणि मागच्या वेळचे ते प्रश्नकर्ते आले असतील, तर पहिला प्रश्न त्यांचा.